तबकडीची एक बाजू आणि पाँपेईचे रिकामे रंगमंडल : ‘एकोज’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील सदरात मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वृंदाच्या ‘एकोज’ या दीर्घ रचनेचा ओझरता उल्लेख केला होता आणि ‘मुद्रिका आणि मैफल यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर ही रचना तिच्या निरनिराळ्या रूपांत ऐकावी’ असे एक वाक्य लिहिले होते. त्या एका वाक्यावर पुण्यातून आणि आसपासहून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच रचनेला देत आहे. सारखे आशय असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्तीनंतर हार्मोनियम शिकू लागलो आहे. आपले सदर वाचून मुलाने मला ‘एकोज’ ऐकवले. त्याच्याकडे या गाण्याची तीन रूपे निघाली. एक साडेतेवीस मिनिटांचे, एक साडेसोळा मिनिटांचे आणि एक मधोमध तोडून दोन भागांत दिलेले. यांतले खरे गाणे कोणते मानावे? (कोथरूड)

उत्तर : साडेतेवीस मिनिटांचे रूप १९७१च्या ‘मेडल’ या अल्बममधले आहे. त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर पाच गाणी आहेत आणि दुसरी संपूर्ण बाजू या एकाच रचनेला दिलेली आहे. साडेसोळा मिनिटांचे रूप २००१ साली निघालेल्या निवडक गाण्यांच्या संग्रहातले आहे. तिथे अनेक गाणी दोन सीडींत बसवायची होती, म्हणून या रचनेची सुमारे सात मिनिटे कापली गेली. दोन भागांतले रूप इटलीतील पाँपेई या प्राचीन नगराच्या अवशेषांत चित्रित झालेल्या चित्रपटातले आहे. त्यात रचनेचा पहिला भाग चित्रपटाच्या आरंभी आणि उरलेला भाग शेवटी ठेवला आहे, म्हणजे दोन्हींच्या मध्ये अवघा चित्रपट येतो.

आता ‘खरे कोणते’ या प्रश्नाकडे वळतो. तबकडी मूळ आणि मंचावरचे वादन ही तिची नक्कल, असा आपला समज असतो आणि बहुतेक रॉक गाण्यांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. ‘एकोज’च्या बाबतीत मात्र काळाचा क्रमच उलटा आहे. जानेवारी १९७१मध्ये हे चौघे, म्हणजे गिटारवादक डेव्हिड गिल्मर, बासवादक रॉजर वॉटर्स, कीबोर्डवादक रिचर्ड राइट आणि ड्रमवादक निक मेसन, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ एकही तयार गाणे नव्हते. सुचतील ते तुकडे ते ध्वनिमुद्रित करत गेले. कधी कधी तर दुसऱ्याने काय वाजवले आहे हे न ऐकताच प्रत्येकाने आपापला भाग वाजवावा, असाही प्रयोग त्यांनी केला. त्या तुकड्यांना त्यांनी ‘काहीच नाही, क्रमांक १ ते २४’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यांतले बहुतेक तुकडे कामाचे निघाले नाहीत, जे निघाले त्यांची सांधणी करून एक लांब रचना उभी राहिली आणि २२ एप्रिल १९७१ रोजी इंग्लंडमधील नॉरिच येथे ती प्रथम श्रोत्यांपुढे वाजली. तेव्हाही तिचे नाव ‘काहीच नाहीचा पुत्र परत आला’ अशा थाटाचे होते. पुढे मे महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानातील कार्यक्रमात ती वाजली आणि उन्हाळ्यातील दौऱ्यांत तिला हळूहळू आजचा आकार येत गेला. दौऱ्यांच्या मधल्या दिवसांत स्टुडिओत जाऊन तिचे मुद्रण चालू होते. अ‍ॅबी रोडला त्या काळी आठच ट्रॅकची, म्हणजे एकावेळी आठच आवाज वेगवेगळे मुद्रित करून ठेवण्याची, सोय होती, म्हणून सोळा ट्रॅकचे यंत्र असलेल्या एअर स्टुडिओत पुष्कळसे काम हलवावे लागले. अल्बम बाजारात आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेत आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये.

म्हणजे रचना आधी मैफलीत वाढली आणि मग तबकडीवर उतरली. आपल्याकडे एखादी बंदिश गवयाच्या गळ्यात वर्षानुवर्षे फिरते आणि मग कधी तरी तिची मुद्रिका निघते, तसेच हे झाले. शब्दही वाटेत बदलले. आरंभीच्या कार्यक्रमांत गायल्या जाणाऱ्या ओळी अवकाशात समोरासमोर येणाऱ्या ग्रहांविषयी होत्या. ‘अवकाशाची गाणी म्हणणारा वृंद’ असा शिक्का आपल्यावर बसेल या चिंतेने वॉटर्सने ते शब्द बाजूला ठेवले आणि समुद्र, त्याचा तळ आणि रस्त्यात नजरानजर होणारी दोन अनोळखी माणसे अशी नवी प्रतिमासृष्टी आणली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. दोन ग्रहांची भेट हे दूरचे दृश्य आहे, पण लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत समोरून येणाऱ्या परक्या माणसाच्या डोळ्यांत एखाद्या क्षणी आपणच दिसावे, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे, आणि या गाण्याचा गाभा तोच आहे.

तेव्हा साडेसोळा मिनिटांचे रूप बाजूला ठेवा, असे मी निःसंकोचपणे सांगेन. ते वादकांनी मांडलेले रूप नाही, ते जागेच्या अडचणीतून निघालेले आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांना आपली ठुमरी तेवढ्यात बसवावी लागली. परंतु ती त्यांनी स्वतः त्या मापाची करून गायली होती, कोणी मागाहून कात्री लावली नव्हती. माप तर ‘एकोज’लाही होते. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक संगीत चांगल्या आवाजात बसत नाही, आणि साडेतेवीस मिनिटांचे हे रूप त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले आहे. पण त्या मापात ती रचना वादकांनीच बसवली. उरलेली दोन्ही रूपे खरी आहेत, आणि ती एकमेकांच्या शेजारी ठेवूनच ऐकावीत.

आपण हार्मोनियम शिकता, म्हणून आणखी एक सांगतो. ही रचना आपल्या भाषेत काळी एकच्या षड्जावर उभी आहे आणि तिचा वळसा गंधार, धैवत, निषाद कोमल ठेवणारा आहे. कडव्यांनंतर गिटार आणि बास मिळून जी ठसठशीत ओळ वाजवतात, ती सलग अर्धस्वरांनी खाली उतरते. त्या ओळीला कोणत्याही रागात बसवू पाहू नये, पण पेटीवर एकेक पट्टी दाबत ती शोधून पाहावी. हाताला पटकन सापडते.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या वृंदात कीबोर्ड वाजवतो. ‘एकोज’च्या आरंभी जो एकच स्वर ‘टिंग’ असा थांबून थांबून वाजतो, तो आम्ही निरनिराळ्या कीबोर्डवर आणि संगणकावर काढून पाहिला, पण तसा येत नाही. तो नेमका कशाचा आवाज आहे? (डेक्कन जिमखाना)

उत्तर : तो साध्या पियानोचा आवाज आहे. स्वर वरच्या पट्टीतला बी, म्हणजे गाण्याच्या षड्जापासून मोजला तर कोमल निषाद. राइटने पियानोवर ती एक पट्टी वाजवली आणि पियानोपुढच्या मायक्रोफोनचा आवाज लेस्ली स्पीकरमधून बाहेर काढला. लेस्ली हा मुळात हॅमंड ऑर्गनसाठी बनवलेला स्पीकर असून त्याच्या पेटीत कर्णा फिरत असतो. खडकी स्टेशनच्या फलाटावर उभे असताना न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता भासतो. तेच लेस्लीमध्ये सेकंदात अनेक वेळा आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात घडते, त्यामुळे सरळ स्वरही पाण्याखाली थरथरल्यासारखा ऐकू येतो. त्याला जोड मिळाली बिन्सन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनियंत्राची. इतर प्रतिध्वनियंत्रांत फीत फिरते, या यंत्रात चुंबकीय पृष्ठभाग असलेले चाक फिरते आणि त्याच्याभोवती बसवलेली अनेक हेड्स तोच आवाज थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा वाचतात.

आपल्याला तो आवाज मिळत नाही याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण तो ज्यांनी काढला त्यांनाही पुन्हा मिळाला नाही. मेसनने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की पियानो आणि लेस्ली यांच्यात पहिल्या वेळी जी अनुनादाची जुळणी साधली होती, ती पुढे स्टुडिओत कितीही खटपट करून साधेना. शेवटी त्यांनी कच्च्या मुद्रणातलाच तो आवाज उचलला आणि हलक्या हाताने पुढच्या पक्क्या मुद्रणात विरघळवला. आज तबकडीवर आपण ऐकतो तो त्या पहिल्या दिवशीचा आवाज आहे.

कोथरूडच्या वाचकांना वर जे उत्तर दिले, त्याची ही दुसरी बाजू म्हणावी लागेल. स्टुडिओ म्हणजे हवे ते हवे तितक्या वेळा घडवण्याची जागा, असे आपण समजतो. इथे मात्र स्टुडिओतल्या मुद्रिकेचा पहिलाच स्वर असा आहे, की तो एकदाच घडला. मैफलीतली एखादी जागा जशी पुन्हा तशी लागत नाही, तसा. मंचावर मात्र राइटला तो प्रत्येक रात्री नव्याने वाजवावा लागे, आणि प्रत्येक ठिकाणी तो थोडा वेगळा लागलेला ऐकू येतो. म्हणून माझे सांगणे असे, की नक्कल करण्यात दिवस घालवू नका. शक्य असेल तर खरा पियानो घ्या, मायक्रोफोन तारांच्या जवळ ठेवा, फिरत्या स्पीकरचा परिणाम देणारे कोणतेही पेडल लावा, आणि दोन स्वरांमधली शांतता घाई न करता राखा. त्या आरंभाचे निम्मे सौंदर्य स्वरात आहे आणि निम्मे पुढचा स्वर केव्हा येईल याची वाट पाहण्यात आहे.

प्रश्न : गाणे आवडले, पण मध्ये चार-पाच मिनिटे नुसता वारा, कावळे आणि कोणी तरी किंचाळल्यासारखे आवाज आहेत. तो भाग मी पुढे ढकलून ऐकते. यात काही चुकते आहे का? (निगडी)

उत्तर : चुकते असे म्हणणार नाही, पण बरेच काही निसटते. त्या भागात काय चालले आहे ते आधी सांगतो. वाऱ्याचा आवाज बास गिटारचा आहे. वॉटर्स तारांवर स्लाइड, म्हणजे सरकती नळी फिरवतो आणि तो आवाज मघाशी सांगितलेल्या बिन्सन यंत्रातून जातो. पक्ष्यांचा कलकलाट ध्वनिसंग्रहातल्या फितीवरून घेतलेला आहे. किंचाळ्या गिटारच्या आहेत. वा-वा नावाच्या पायपेडलला गिटारची केबल आणि अँप्लिफायरची केबल उलटसुलट जोडली, तर पेडल स्वतःच तीव्र शीळ घालू लागते आणि गिटारवरची व्हॉल्यूम व टोनची बटणे फिरवून तिची उंची बदलता येते. मदतनिसाने चुकून केबल उलटी जोडल्यामुळे गिल्मरला हे सापडले, आणि त्याने त्या चुकीचे वाद्य केले. समुद्रातल्या कोणा एकाकी प्राण्याची हाक ऐकू यावी, असा तो आवाज आहे.

आता त्या भागाच्या आधी काय होते ते आठवा. कडवी झाल्यावर चारही वादक एका पक्क्या ठेक्यावर चार-एक मिनिटे रंगून वाजवतात आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ताल धरतो. तो ताल हळूहळू विझतो, जमीन काढून घेतल्यासारखे वाटते आणि आपण त्या वाऱ्यात येतो. तिथे ना ठेका आहे ना सूर. बराच वेळ हे चालल्यावर दुरून पुन्हा तो ‘टिंग’ ऐकू येतो. मग राइटचा ऑर्गन एकेक स्वरसंगती रचत वर चढतो, गिटारवर दाबलेल्या तारांचे तुटक स्वर त्याला साथ देतात, ड्रम वाढत जातात, आणि शेवटचे कडवे येते. पावसाळ्यात सिंहगडावर धुक्यात वाट हरवलेल्या माणसाला अचानक देवटाक्याजवळच्या माणसांचे बोलणे ऐकू यावे, तसे ते परत येणे आहे. हरवण्याची चार मिनिटे वगळली, तर परत येण्याला काही अर्थच उरत नाही. साडेसोळा मिनिटांच्या रूपावर माझा आक्षेप आहे तो याचमुळे.

एकच विनंती. हा भाग मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ऐकू नये, कारण वाऱ्याचा आवाज बासचा असल्यामुळे तिथे तो जवळजवळ नाहीसा होतो. साधे का होईना, कानाला नीट बसणारे हेडफोन घ्यावेत आणि रात्री दिवा मालवून एकदा सलग ऐकावे.

प्रश्न : पाँपेईच्या चित्रपटात प्रेक्षक का नाहीत? प्रेक्षकांशिवाय झालेल्या वादनाला ‘लाइव्ह’ म्हणता येईल का? (प्रभात रोड)

उत्तर : दिग्दर्शक एड्रियन मेबन १९७१च्या उन्हाळ्यात इटलीत फिरत असताना पाँपेईच्या अवशेषांत त्याचे पारपत्र हरवले. ते शोधण्यासाठी तो संध्याकाळी, इतर पर्यटक निघून गेल्यावर, प्राचीन रंगमंडलात परत गेला. पारपत्र मिळाले नाही, पण त्या रिकाम्या दगडी वर्तुळातली शांतता आणि किड्यांचा आवाज यांनी त्याला चित्रपट दिला. त्याआधी रॉक संगीताचे जे चित्रपट निघाले होते, त्यांत लाखोंचा जमाव हाच अर्धा विषय होता. याने जमावच काढून टाकायचे ठरवले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वृंद तिथे पोहोचला, तेव्हा विजेचा पुरवठा पुरेना. त्यात मोलाचे दिवस गेले आणि शेवटी गावातून लांबच लांब केबल ओढून काम सुरू करावे लागले. ओठ हलवून आधीच्या मुद्रणावर अभिनय करायला वादकांनी नकार दिला होता. त्यांनी दौऱ्यावरचे स्वतःचे सगळे ध्वनिसाहित्य तिथे आणवले आणि उघड्या आकाशाखाली खरोखर वाजवले. ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’ एवढ्या तीनच रचना तिथे चित्रित झाल्या, उरलेल्या नंतर पॅरिसच्या स्टुडिओत केल्या गेल्या.

माझ्या मते ते निःसंशय लाइव्ह आहे. समोर श्रोता नसला, तरी चौघे एकमेकांना ऐकत होते, आणि या रचनेला सर्वांत अधिक गरज त्याचीच आहे. ध्यानात घ्या, की त्या आठवड्यात ‘मेडल’ अजून बाजारात आलेला नव्हता. तबकडीसारखे वाजवून दाखवावे अशी अपेक्षा करणारा श्रोता जगात कुठेच नव्हता. वादनात जो मोकळेपणा आणि थोडा खडबडीतपणा आहे, तो मला त्यातून आलेला दिसतो. मेसनचे ड्रम तबकडीपेक्षा इथे फार पुढे येऊन वाजतात, आणि गिल्मर व राइट यांचे दोन आवाज एकमेकांत इतके मिसळलेले आहेत, की कोणता कोणाचा हे डोळे मिटल्यावर सांगता येत नाही. याच्याच चार-पाच दिवस आधी, ३० सप्टेंबर रोजी, बीबीसीसाठी लंडनमध्ये श्रोत्यांसमोर झालेले मुद्रणही आता अधिकृतपणे उपलब्ध आहे. एकाच आठवड्यातली ही दोन रूपे पाठोपाठ ऐकली, तर समोर माणसे असणे आणि नसणे यांनी काय फरक पडतो ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. चित्रपटाची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२५मध्ये प्रदर्शित झाली आहे. तिचे ध्वनिमिश्रण स्टीव्हन विल्सन यांनी केले आहे आणि त्यात बास विशेष स्पष्ट ऐकू येतो.

प्रश्न : हे गाणे आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाचा शेवटचा भाग एकाच वेळी लावले, तर ते तंतोतंत जुळतात असे म्हणतात. हे मुद्दाम केले होते का? (औंध)

उत्तर : नाही. चित्रपट १९६८चा आहे, गाणे १९७१चे, आणि दोन्हींची लांबी योगायोगाने सारखी आहे. एवढ्या संथ आणि वळणावळणाच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की मन स्वतःच दुवे जोडते. करून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : डेव्हिड गिल्मर २०१६ साली पुन्हा पाँपेईला गेले, त्याच रंगमंडलात प्रेक्षकांसमोर त्यांनी कार्यक्रम केला, आणि तरीही ‘एकोज’ वाजवले नाही. असे का? तिथे आणखी कोणते गाणे वाजायला हवे होते? (सहकारनगर)

उत्तर : आपल्या प्रश्नातली हळहळ मला समजते, कारण ती मलाही वाटली होती. उत्तरासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

१९७३मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आल्यानंतर या वृंदाचे जग बदलले. १९७४च्या दौऱ्यात तो नवा अल्बम संपूर्ण वाजवून झाला, की ‘वन्समोअर’ म्हणून ‘एकोज’ यायचे. तेव्हाच्या रूपात डिक पॅरीचा सॅक्सोफोन गिटारच्या काही जागा घेतो आणि मागे गायिकांचे आवाजही आहेत. मला ते रूप थोडे जड वाटते, घरातल्या गाण्याला लग्नाचा शालू नेसवल्यासारखे. जुलै १९७५मध्ये नेबवर्थ येथे चौघांनी ते एकत्र वाजवले, ते शेवटचे. १९८७मध्ये वॉटर्सवाचून निघालेल्या दौऱ्याच्या आरंभीच्या काही कार्यक्रमांत ते पुन्हा घेतले गेले, आणि मग सोडून दिले गेले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ते कोणत्याही मंचावर नव्हते.

२००६मध्ये गिल्मर साठ वर्षांचा झाला आणि स्वतःच्या नव्या अल्बमसाठी दौऱ्यावर निघाला. सोबत राइट होता. या दौऱ्यात त्यांनी ‘एकोज’ परत आणले, तेही पूर्ण लांबीचे, वारा आणि किंचाळ्यांसकट. ऑगस्टमध्ये पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याच्या आवारात दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम झाला. तिथले हे वादन पंचवीस मिनिटांहून थोडे अधिक आहे, आणि माझ्या दृष्टीने १९७१नंतरचे ते सर्वोत्तम रूप आहे. आवाज वयाने खाली बसले आहेत, पण पस्तीस वर्षे एकमेकांना ओळखणारी दोन माणसे एका श्वासात गात आहेत हे प्रत्येक ओळीत कळते. ठेक्याच्या भागात गिटार आणि ऑर्गन यांचे जे सवाल-जवाब चालतात, त्यांत एक जण थांबतो तो दुसऱ्याचे ऐकण्यासाठी. एकमेकांना जिंकण्याचा त्यात विचारच नाही. तबकडीवर हे नव्हते.

त्या कार्यक्रमाचा अल्बम सप्टेंबर २००८मध्ये निघाला. तो बाजारात येण्याच्या आठवडाभर आधी, १५ सप्टेंबर रोजी, राइटचे निधन झाले होते.

२०१६मध्ये पाँपेईला जाताना गिल्मरने स्पष्टच सांगितले, की इथे ‘एकोज’ वाजवायला आवडले असते, पण रिकशिवाय, म्हणजे राइटशिवाय, मी ते वाजवणार नाही. गाण्याची जात पाहिली, तर हा हट्ट नाही हे पटते. हे गाणे दोन माणसांनी एकमेकांना ओळखण्याविषयी आहे, आणि आरंभापासून अखेरपर्यंत ते दोन आवाजांनी एकत्र गायलेले आहे. स्वर आणि शब्द दुसऱ्या गायकाला शिकवता आले असते, कीबोर्डवादकही मिळाला असता. ज्याने त्या पहिल्या स्वराची पट्टी दाबली होती, तो मिळाला नसता. पंचेचाळीस वर्षांनी त्याच दगडी वर्तुळात उभे राहून त्या रचनेला हात न लावणे, हे मला तिच्या इतिहासातले एक रूपच वाटते, आणि मी ते आदराने मोजतो.

याच्या उलट निर्णय मेसनने घेतला. त्याच्या ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या वृंदाने २०२२पासून ‘एकोज’ मंचावर आणले. जे कोणी वाजवत नाही ते विसरले जाते, ही त्याची भूमिका दिसते. मला दोघेही बरोबर वाटतात. एकाने आपल्या जोडीदाराची जागा रिकामी ठेवली, दुसऱ्याने रचना हिंडती ठेवली.

प्रश्न : आमच्या सोसायटीतले पाच जण मिळून दिवाळीच्या कार्यक्रमात ‘एकोज’चा आठ-दहा मिनिटांचा भाग वाजवण्याचा विचार करत आहेत. एक गिटार, एक कीबोर्ड, एक तबला, आणि गायला आम्ही दोघी बहिणी. कोणता भाग घ्यावा? तबल्यावर हे होईल का? शेवट कसा करावा, कारण तबकडीवर तर तो विरत जातो? (सिंहगड रोड)

उत्तर : आपल्याकडे दोन गायिका आहेत आणि त्या बहिणी आहेत, यापेक्षा चांगली सुरुवात या गाण्याला मिळणार नाही. आरंभीचा ‘टिंग’, त्यानंतरचा गिटारचा संथ प्रवेश, पहिली दोन कडवी आणि ती खाली उतरणारी ओळ, इथपर्यंत सात मिनिटे होतात. पुढचा ठेक्याचा भाग दोन-तीन मिनिटे घ्या. वाऱ्याचा भाग घेऊ नका, कारण तो अपुरा वाजवण्यापेक्षा न वाजवलेला चांगला.

ठेक्याच्या भागात तबला छान बसेल. कडव्यांत मात्र तबलजींना हात आखडता घ्यायला सांगा. तिथे लय संथ आहे आणि भरणा केला की शब्द बुडतात. डग्ग्यावरचे मोजके ठोके पुरे.

गाण्याची तयारी अशी करा. तानपुरा किंवा त्याचे यंत्र काळी एकला लावा. पट्टी आपल्या गळ्यांना सोयीची नसेल, तर सर्व वाद्यांची पट्टी बदला, पण दोघींनी एकत्रच गा, आलटून पालटून नको. आठवडाभर शब्दांशिवाय नुसत्या आकारात एकमेकींचा श्वास कुठे तुटतो ते पाहा आणि तो एकाच जागी तुटू द्या. गिल्मर आणि राइट यांच्या गाण्यात आवाजापेक्षा हीच गोष्ट अधिक ऐकू येते.

शेवटाविषयी सांगायचे, तर तबकडीवर अखेरीस जे अनेक आवाज सतत वर चढत असल्यासारखे ऐकू येतात, तो गाणाऱ्यांचा समूह नाही. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन टेपरेकॉर्डर ठेवून, एकाचा आवाज दुसऱ्यात पुन्हा पुन्हा उतरवत, तो परिणाम साधलेला आहे. मंचावर तो पाच जणांनी आणायचा प्रयत्न करू नये. ठेका उतरवत न्या, तबला थांबवा, गिटार थांबवा, आणि कीबोर्डवर तोच एक कोमल निषाद पुन्हा वाजवा. तो पूर्ण विझेपर्यंत कोणी हात हलवू नये, आणि निवेदकांना आधीच सांगून ठेवावे, की तोवर त्यांनी माइक हाती घेऊ नये.